फोनमध्येच चष्म्याचा नंबर टाकता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सीताबर्डीतल्या आमच्या दुकानात चाळिशीचा चष्मा करायला आलेलं गिऱ्हाईक फ्रेमी बघता बघता हमखास म्हणतं, "भाऊ, फोन एवढा हुशार झाला, तर त्याच्यातच माझा नंबर टाकून द्या ना!" नागपूरचा मे महिना काढलेल्या माणसाला हे पटतंच. घामाने चष्मा घसरून सारखा नाकाच्या शेंड्यावर येतो.

तर, टाकता येतो. प्रयोगशाळेत टाकूनही झालाय. 2014 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि एमआयटी या अमेरिकेतल्याच तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तसा पडदा करून दाखवला. त्यांत फू-चुंग हुआंग, ब्रायन बार्स्की होते, आणि आपल्या नाशिकचे, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले रमेश रासकरही.

अक्षर मोठं करणं म्हणजे नंबर टाकणं नव्हे. त्याने धूसर अक्षर मोठं होतं, एवढंच. पडद्यावरच्या एका ठिपक्यातून निघालेला प्रकाश बाहुलीतून आत शिरतो आणि डोळ्याच्या भिंगाने तो दृष्टिपटलावर पुन्हा एका ठिपक्यात गोळा करायचा असतो. चाळिशीनंतर भिंग ताठर होतं, जवळचा प्रकाश नीट गोळा होत नाही. ठिपक्याचा डाग होतो, शेजारचा डाग त्याच्यावर चढतो आणि अक्षर फिसकटतं.

मग चित्रच आधी उलट दिशेने बिघडवून दाखवलं तर? डोळ्याने बिघडवल्यावर ते सरळ होईल! कल्पना झकास आहे, पण हिशेब मांडला की काही ठिकाणी शून्याहूनही कमी प्रकाश लागतो. असा पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा ठिपका, कुठून आणणार? तडजोड केली की काळं अक्षर राखाडी होतं आणि पांढरी जागा मळकट.

म्हणून या मंडळींनी किरणांची दिशाच धरली. आयपॉड टच या ॲपलच्या फोनसारख्या यंत्राच्या पडद्यावर बारीक छिद्रांचा थर बसवला: छिद्र 75 मायक्रोमीटरचं (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दोन छिद्रांतलं अंतर 390 मायक्रोमीटर. एका छिद्राच्या वाट्याला साधारण 5 बाय 5 पिक्सेल येतात. त्यातला कुठला पेटवला, यावर किरण बाहुलीच्या कुठल्या भागातून आत जाणार हे ठरतं. तुमचा नंबर माहीत असला की किरण जिथे पडायला हवेत तिथेच पडतील, असं गणित मांडता येतं.

आता किंमत बघा. छिद्रांचं क्षेत्रफळ काढलं तर अख्ख्या थराच्या जेमतेम 3 टक्के भरतं. बाकी प्रकाश अडला. मेमधल्या भर दुपारी व्हेरायटी चौकात हा फोन उघडून बघा म्हणजे कळेल! बारकावाही गेला, कारण पाच बाय पाच पिक्सेलांचा अख्खा चौकोन एका ठिपक्याचं काम करतो. डोळा ठरल्या जागेवरून हलला की गणित चुकतं. आणि त्या चाचणीत डोळ्याच्या जागी मुद्दाम फोकस बिघडवलेला कॅमेरा होता, माणूस नव्हता.

मायनस नंबरवाल्यांना तर याची फारशी गरजच नाही. मायनस अडीचचा माणूस 40 सेंटिमीटरवरचा फोन चष्म्याशिवाय वाचतो. त्याला अडतं ते समोरून येणाऱ्या बसची पाटी वाचताना, आणि तिच्यात काही कुणी नंबर टाकणार नाही. घरच्या टीव्हीचंही तसंच. बघणारे चौघे, नंबर चार.

पण गाडीचा डॅशबोर्ड मला पटतो. रस्ता लख्ख दिसतो आणि काटा धूसर, अशी चाळिशीवाल्यांची तक्रार रोजची. तिथे बघणारा एकटाच आणि डोकंही साधारण एका जागी. त्याहून मोठी आशा केराटोकोनसवाल्यांसाठी. त्यांचं बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, आजार वाढला की साध्या चष्म्याने भागत नाही, कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. आणि ती घालून आपल्याकडच्या धुळीत फिरणं म्हणजे शिक्षाच. भिंग घासून जो वेडावाकडा आकार येत नाही, तो गणितात मांडता येतो. माझ्या खिशात पैसे असते तर याच कामाला लावले असते.

आमच्याकडे भोकांची एक काळी चकती असते, पिनहोल. ती डोळ्यापुढे धरून अक्षरं सुधारली, तर दोष बहुधा नंबराचा. नाही सुधारली, तर मोतीबिंदू असेल, नाहीतर मधुमेहाने दृष्टिपटल खराब झालेलं असेल. तिथे कुठलाही स्क्रीन उपयोगाचा नाही. अशांना मी फ्रेम दाखवतच नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो.