तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचं एसी-डीसी

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. मिक्सर टेबलावर ठेवतात, 'जळका वास येतोय हो' म्हणतात, आणि बोलता बोलता नजर माझ्या मागच्या भिंतीवर जाते. तिथे मोठ्या लाल अक्षरांत एसी-डीसी लिहिलंय आणि अक्षरांच्या मधोमध वीज काढलीय. 'म्हणजे दोन्ही प्रकारच्या मोटरी भरता का तुम्ही?' भरतो की, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. पण ती पाटी मोटरींची नाही, एसी-डीसी नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या रॉक बँडची आहे.

गिऱ्हाईक तरुण असेल तर प्रश्न उलट्या बाजूने येतो. पासपोर्टचं ऑफिस ठाण्यात आमच्याच वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर २२ ला. तिथून बाहेर पडलेली पोरं चहाच्या टपरीकडे जाता जाता दुकानासमोर थबकतात. 'काका, तुम्ही एसी-डीसी ऐकता? खरंच?' त्या 'खरंच'मध्ये माझं वय, माझा बनियन आणि बोटांना चिकटलेलं वार्निश, सगळं आलं.

तिसरा प्रश्न घरचा. इतकी वर्षं तेच तेच ऐकून तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? हा प्रश्न बाकी दोघांपेक्षा अवघड आहे, म्हणून जरा लांबून येतो.

आमची आई किसननगरच्या चाळीत ब्लाउज शिवायची. पायाचं मशीन होतं. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला छोटी मोटर बसवली. मोटरीवर पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं एसी/डीसी. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. 'दोन्हीवर चालते म्हणजे काय?' असं विचारलं, तर अण्णांनी जेवण बाजूला ठेवून मला मोटर उघडून दाखवली. आईने ताटावर ताट झाकलं.

शिलाई मशीन, मिक्सर, ड्रिल मशीन यांत जी मोटर असते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. बाहेर फील्ड कॉइल, आत फिरणारं आर्मेचर, आणि दोन्ही एकाच रांगेत, सिरीजमध्ये जोडलेली. घरातला करंट एसी, त्याची दिशा सारखी बदलत असते. ती उलटली की फील्डचं चुंबक उलटतं. पण त्याच क्षणी आर्मेचरचंही उलटतं. दोघं एकदम उलटली म्हणजे एकमेकांच्या हिशेबात काहीच बदललं नाही, आणि मोटर होती त्याच दिशेला फिरत राहते. घरचा करंट द्या नाहीतर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, द्या, तिला सोयरसुतक नाही. आर्मेचरला करंट पोचवणारे कार्बन झिजले की ठिणग्या मारते आणि ओरडते खूप, एवढाच दोष.

आता त्या बँडचं नाव कुठून आलं, तर शिलाई मशीनवरून. १९७३ साली सिडनीत माल्कम आणि अँगस यंग या भावांनी बँड काढला. नाव सापडेना. त्यांच्या थोरल्या बहिणीने, मार्गारेटने, मशीनवर ही अक्षरं वाचली आणि सुचवली. अँगस अजूनही शाळेचा गणवेश घालून, हाफ पँटीत गिटार वाजवतो, ती कल्पनाही तिचीच. घरात एक बहीण अशी असावी. यंग मंडळी मूळची स्कॉटलंडमधली, ग्लासगोची, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात आली. माल्कमने शाळा लवकर सोडली. बँड चालायला लागण्याआधी तो ब्रेसियरच्या कारखान्यात काय करायचा, माहीत आहे? शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. हे मला फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

मला बँड भेटला तो ठाण्याच्या आयटीआयमध्ये. मी वायंडरचा ट्रेड करत होतो. वर्गातल्या एका मुलाने कॉपी केलेली कॅसेट दिली, वर बॉलपेनने नुसतंच 'एसी डीसी'. मला वाटलं, सरांची थिअरीची लेक्चरं रेकॉर्ड केलीत, परीक्षेला कामी येतील. रात्री सगळे झोपल्यावर टेप लावली, आवाज बारीक. घंटा वाजली. एक ठोका, मग शांतता, मग पुन्हा ठोका. मला आधी वाटलं कुठल्यातरी देवळातली बाहेरून ऐकू येतेय. तेवढ्यात खालून गिटार सरकत आली. त्या रात्री थिअरी झाली नाही.

तो 'बॅक इन ब्लॅक' अल्बम होता. त्या घंटेमागची गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. बॉन स्कॉट म्हणून त्यांचा गायक होता, १९७४ पासूनचा. अंगात रग असलेला, मिश्कील, आवाजात खरखर. त्याचं माझं आवडतं चित्र १९७६ मधलं आहे: मेलबर्नच्या स्वान्स्टन स्ट्रीटवरून उघडा ट्रक चाललाय, वर अख्खा बँड वाजवतोय, सोबत बॅगपाइपवाले, आणि फुटपाथवरचे लोक वळून बघतायत. आपल्याकडच्या विसर्जनाच्या ट्रकची सवय असलेल्या माणसाला यात नवं काही नाही, पण म्हणूनच ते आपलं वाटतं. पुढे २००४ मध्ये त्या शहराने एका गल्लीला बँडचं नाव दिलं. १९७९ च्या 'हायवे टू हेल'ने त्यांना अमेरिकेत पाय रोवू दिले, आणि सगळं जमून आलंय असं वाटत असताना १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये बॉन गेला. रात्रभर प्यायला होता. वय ३३.

पाच महिन्यांत, २५ जुलैला, 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला. नवा गायक ब्रायन जॉन्सन, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडचा. आधी एका बँडमधून नाव कमावून पुन्हा शून्यावर आलेला आणि पोटासाठी गाड्यांच्या छपरांना व्हायनिल बसवणारा. हासुद्धा आपल्यातलाच. रेकॉर्डिंग बहामाजमध्ये झालं, घंटा मात्र इंग्लंडमधल्या लफबरोच्या ओतशाळेतली. कव्हर काळं ठेवलं, सुतक म्हणून. जगभरात पाच कोटी प्रती खपल्या असं सांगतात. आकडा सोडा. मला कौतुक कशाचं, तर दुःखाचा अल्बम असून त्यात एकही रडकं गाणं नाही.

त्यातल्या शीर्षकगीताची सुरुवात ऐका. हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमच्या जोडझांजांवर, मोजणी, मग तीन कॉर्ड: ई, डी, ए. हार्मोनियम शिकणारं पोरही ते बोटांवर बसवेल. पण कॉर्डांच्या मधे ज्या रिकाम्या जागा सोडल्यात, त्या सोडायला छाती लागते. तबलेवाल्याला विचारा, ठेक्यात खाली किती महत्त्वाची. या बँडला ती खाली सांभाळता येते, आणि ती सांभाळणारा माणूस होता माल्कम.

इथे माझं आणि त्या पासपोर्टवाल्या पोरांचं भांडण होतं. त्यांना अँगस आवडतो. आवडणारच, तो उड्या मारतो, जमिनीवर लोळतो, दप्तर पाठीला लावून स्टेजभर धावतो. पण पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोल-ताशा पथक बघितलंय ना? ताशावाला पुढे असतो, कडकडाट त्याचा, मोबाइल त्याच्याकडे वळलेले. आणि मागे ढोलांची रांग एकच ठेका धरून असते. ती रांग अर्धी पावली हलली तर ताशा उघडा पडतो. माल्कम म्हणजे ती रांग. स्टेजवर ड्रमच्या शेजारी, अँप्लिफायरला जवळजवळ टेकून उभा. पुढे यायचा तो फक्त कोरसला, माइकपाशी, आणि परत जागेवर. त्याच्या ग्रेच गिटारीतले जास्तीचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) त्याने काढून टाकले होते, एकच ठेवला. लागत नाही ते काढून टाकायचं. ही मेकॅनिकची खोड.

म्हणून कंटाळ्याचं उत्तर. लोक म्हणतात, यांनी एकच अल्बम पुन्हा पुन्हा काढला. बरोबर आहे. गायक गेला, ड्रमर फिल रड १९८३ मध्ये बाहेर पडला आणि १९९४ मध्ये परत आला, डिस्को आलं आणि गेलं, केसाळ बँडांची लाट आली आणि गेली. करंट उलटसुलट होत राहिला, मोटर त्याच दिशेला. मी दिवसभर तेच करतो. तेवढेच टर्न (तारेचे वेढे), त्याच गेजची (जाडीची) तार, तोच लेदरॉइड कागद, तेच वार्निश. एक टर्न कमी पडला तरी मशीन सांगतं. ज्याला हे काम कळतं त्याला 'तेच तेच' ही शिवी वाटत नाही.

पण भक्त म्हणून खोटं बोलणार नाही. १९८३ ते १९८८ मधले त्यांचे अल्बम मी सहसा लावत नाही. ठेका आहे, जीव नाही. 'थंडरस्ट्रक' आलं १९९० मध्ये, तेव्हा कुठे परत ठिणगी पडली. आणि गाण्यांचे शब्द म्हणाल, तर बरेचसे वात्रट आहेत. मुलीने दहावीत असताना एका गाण्याचा अर्थ विचारला, तेव्हा मला एकाएकी बेरिंग आणायला जांभळी नाक्यावर जावं लागलं.

अण्णांना यातलं काही आवडत नव्हतं. ते भजनी मंडळातले, हातात टाळ. पण नाव त्यांना फार पसंत. मध्य रेल्वेची लाइन १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर बदलत होती, तेव्हा दोन्हीवर चालणाऱ्या लोकल आल्या होत्या. रेल्वेवाले त्यांना एसी-डीसी रेकच म्हणायचे. करंट बदलायच्या जागी डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे आणि गाडी नुसती घरंगळत पुढे जायची. ठाणे स्टेशनात तशी गाडी आली की अण्णा मला कोपराने ढोसायचे, 'तुझा बँड आला बघ.'

त्याच सुमारास ते मोजणी चुकायला लागले. आयुष्यभर टर्न तोंडाने मोजत आले होते. गिऱ्हाइकाशी बोलत, चहा पीत, तरी हाताखालची मोजणी अचूक. एक दिवस हात थांबवून त्यांनी मला विचारलं, 'किती झाले रे?' मला वाटलं गंमत करतायत. महिन्याभरात तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मोजणीचं मीटर बसवलं, 'मला सोपं जातं' असं सांगून. त्यांनी ते मान्य केलं, हेच मला जास्त लागलं.

माल्कमचं मी वाचलं ते याच काळात. १९८८ मध्ये तो दारू सोडायला दौऱ्यातून बाहेर पडला होता, पुतण्या स्टीव्ही त्याच्या जागी वाजवून गेला, आणि माल्कम बरा होऊन परत आला. नंतरचं दुखणं परत येणारं नव्हतं. 'ब्लॅक आइस' २००८ मध्ये आला, त्याच्या जगभरच्या दौऱ्याआधी माल्कम स्वतःचीच गाणी नव्याने पाठ करत होता. स्वतः बांधलेली, तीस-पस्तीस वर्षं वाजवलेली. आणि त्या अवस्थेत त्याने दौरा पुरा केला. २०१४ मध्ये घरच्यांनी सांगितलं की हा स्मृतिभ्रंश आहे. जागेवर पुन्हा स्टीव्ही. १८ नोव्हेंबर २०१७ ला तो गेला, ६४ व्या वर्षी. त्याच्या आधी महिनाही झाला नव्हता, थोरला भाऊ जॉर्ज गेला होता, ज्याने या दोघांना स्टुडिओत उभं केलं होतं.

मधल्या काळात ब्रायनच्या कानाने दगा दिला, २०१६ चा उरलेला दौरा गन्स अँड रोझेसच्या अ‍ॅक्सल रोझने गाऊन दिला. तेव्हा मी म्हटलं, आता बस. माझं चुकलं. २०२० च्या नोव्हेंबरात 'पॉवर अप' आला, ब्रायन परत, मधे पुन्हा बाहेर पडलेला फिल रडही परत. टाळेबंदीनंतर दुकान नुकतं उघडलेलं, आणि घरोघरी मिक्सर इतके राबले होते की जळक्या आर्मेचरांची रास लागली होती. त्या राशीत बसून मी तो अल्बम ऐकला. त्यातल्या बाराही गाण्यांवर नाव दोघांचं आहे, अँगस आणि माल्कम. माल्कमने वर्षानुवर्षं करून ठेवलेले, वापरायचे राहून गेलेले तुकडे अँगसने शोधून काढले आणि त्यांवर गाणी बांधली.

अण्णा त्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यांची एक वही ड्रॉवरमध्ये आहे, वार्निशचे डाग पडलेली. पानापानावर कंपनी, मॉडेल, गेज, टर्न. काही मॉडेलं वीस-वीस वर्षं कुणी बनवत नाही.

हे आमच्याकडे कधी आले नाहीत. नेरुळच्या डी. वाय. पाटीलला जगातले मोठमोठे बँड वाजवून गेले. मुलगी २०२५ मध्ये कोल्डप्लेला जाऊन आली आणि आठवडाभर तेच सांगत होती. मी एसी-डीसीची वाट बघणं सोडलेलं नाही, पण अँगसची सत्तरी उलटलीय आणि माझेही गुडघे आईवर गेलेत.

असो. तुमचा मिक्सर बघितला. फील्ड ठीक आहे, आर्मेचर गेलंय. याचं तयार आर्मेचर बाजारात मिळणार नाही, पण वहीत याचे टर्न आहेत. गुरुवारी संध्याकाळी या. शटर अर्धं दिसलं तर हाक मारा, नुसतं ठोठावलंत तर आत ऐकू येत नाही.