आमची वाटचाल: चाव्या कोणाकडे आहेत ते सांगितलं

आम्ही लहान दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो: अपॉइंटमेंट, रुग्णांच्या नोंदी, प्रिस्क्रिप्शन, बिलं. सुरुवात केली तेव्हा या धंद्यात बरेच जण होते आणि प्रत्येकाच्या माहितीपत्रकातली सोयींची यादी जवळपास सारखीच. डेमोला डॉक्टर ती यादी ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "आमच्या पेशंटची माहिती तुमच्याकडे कोण बघू शकतं? उद्या तुम्हाला सोडलं तर नोंदी परत मिळतील का?" व्यवहार या दोन उत्तरांवर ठरायचा. मग तीच उत्तरं जाहिरातीत घालायची असं आम्ही ठरवलं.

'विश्वासार्ह', 'रुग्णहिताला वाहिलेलं' वगैरे शब्दांना आधी कात्री लावली. आम्हाला फोन न करता ग्राहकाला स्वतः तपासता येईल तेवढंच लिहायचं, हा नियम केला. त्यामुळे "नोंदी तुमच्याच आहेत" हे वाक्य गेलं. त्याजागी आलं: सगळ्या नोंदी डाउनलोड करायचं बटण मुख्य पानावर आहे, चाचणीच्या काळातही चालतं, फाइल एक्सेलमध्ये उघडते.

खरी झटापट एन्क्रिप्शनवर, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती कुलूपबंद करण्यावर, झाली. 'एंड-टू-एंड' हा शब्द जाहिरातीत फार उठून दिसतो. पण त्याचा अर्थ असा की माहिती उघडायची चावी फक्त दोन टोकांच्या माणसांकडे असते, मधल्या कंपनीकडे नसते. व्हिडिओ कॉलच्या झूमने हा शब्द वापरला होता. चाव्या मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होत्या, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) केला आणि २०२० साली ते प्रकरण तडजोडीने मिटलं. याउलट सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप. २०१६ साली अमेरिकेतल्या न्यायालयीन समन्सला उत्तर देताना सिग्नलकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. माझ्या मते सिग्नलची याहून चांगली जाहिरात कोणालाही लिहिता आली नसती.

आमचं सॉफ्टवेअर सिग्नलसारखं नाही. रुग्णाला आठवणीचा मेसेज पाठवायचा, जुनी नोंद शोधायची, ही कामं आमच्या सर्व्हरवर होतात. म्हणजे चाव्या आमच्याकडेच. आम्ही तसंच छापलं: माहिती प्रवासात आणि साठवणीत एन्क्रिप्ट केलेली असते, चाव्या आमच्याकडे असतात, आमच्या तंत्रज्ञाने नोंद उघडली की त्याचं नाव, वेळ आणि कारण डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतं. विक्री सांभाळणारा सहकारी म्हणाला, "हे वाचून गिऱ्हाईक पळेल." काही पळालेही. जे राहिले त्यांना नोंदी कोणी उघडल्या ती यादी सगळ्यात जास्त आवडली. आता डेमोची सुरुवातच तिथून होते.

मधे औषध क्षेत्रातल्या एकाने प्रिस्क्रिप्शनांची माहिती विकत मागितली. "नावं नकोत, फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड." रक्कम मोठी होती, आणि त्या वर्षी आम्हाला ती हवीही होती. पण लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० सालीच दाखवलंय की एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. नाव काढून फारसं काही झाकलं जात नाही. आम्ही नकार दिला आणि 'माहिती विकत नाही' हे कलम ग्राहकाच्या करारात घातलं. माहितीपत्रकातलं वाक्य आम्हाला कधीही बदलता येतं, करारातलं एकतर्फी बदलता येत नाही.

याची किंमत रोज मोजतो. वेबसाइटवर येणाऱ्यांचा माग ठेवणारे इतरांचे ट्रॅकर नाहीत (ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून कोणीही बघावं), त्यामुळे कोणत्या जाहिरातीने कोण आलं ते आम्हाला कळत नाही. नवीन ग्राहकाला तोंडीच विचारतो. बहुतेकदा उत्तर येतं, दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. जाहिरातीचं बजेट कुठे घालायचं हे त्यावरून ठरवता येत नाही, म्हणून ते सध्या मदतकक्षाकडे वळवलंय.

सध्या बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा-तपासणी चालू आहे. अहवाल त्यातल्या उणिवांसकट प्रसिद्ध करायचा हे ठरलंय. दुरुस्तीआधी छापला तर चोराला वाट दाखवल्यासारखं होईल, म्हणून आधी दुरुस्ती, मग अहवाल, आणि प्रत्येक उणिवेपुढे ती कधी सापडली आणि कधी बुजवली त्या दोन्ही तारखा.