आजोबांचं बोटीचं इंजिन

आजोबांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, कित्येक वर्षं पडून होतं, शेवटी उघडलंच. दोरी ओढली तर फिरलं, पिस्टन जाम नाही, जीव भांड्यात पडला. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, जुन्या पेट्रोलने बुजलेला, तार घातली तर भोक मोठं होतं म्हणून क्लीनरमध्ये भिजवून हवेनेच साफ केला. गिअर ऑइल दुधासारखं निघालं म्हणजे सील गेलं, पाणी शिरलंय. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलरही कडक झालेला, तो नवीनच घातला कारण पाणी खेचलं नाही तर इंजिन तापून बसणार. रंग मात्र नाही दिला, हँडलवर आजोबांच्या अंगठ्याने झिजलेली जागा आहे ना, ती तशीच राहू दे. मग पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवला, सातव्या ओढीला धूर सोडत सुरू झालं आणि आई आतून धावतच आली, आवाज ओळखला तिने.