माइक घेताना सोनं बघू नका, त्याच्या मागे काय आहे ते बघा

आमच्या सिंधुदुर्गात आता डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, म्हटली की बुवा यायच्या आधी यूट्यूब चॅनलवाले स्टँड लावून बसलेले असतात, आणि त्यातले बरेचजण स्वस्तातला कंडेन्सर माइक घेऊन फिरायला लागलेत. चांगलंच आहे. पण हाच माइक का घेतला असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एक इंची गोल्ड डायफ्राम आहे." खोक्यावर तेवढंच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ना.

तर सोन्याचं आधी संपवून टाकू. डायफ्राम म्हणजे आवाजाने हलणारा माइकचा पडदा, मायलर नावाच्या प्लास्टिकची फिल्म, मोठ्या कॅप्सूलमध्ये (कॅप्सूल म्हणजे माइकमधला आवाज पकडणारा भाग) बहुतेकदा 6 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहापट, जाडीची, काहींत 3 ची. प्लास्टिकमधून वीज जात नाही म्हणून वर सोन्याचा पुसटसा थर, आणि सोनंच का तर ते गंजत नाही. बस, एवढंच. त्याने आवाजाला झळाळी वगैरे काही येत नाही.

खरा खेळ त्या पडद्याच्या मागे आहे. मागे बॅकप्लेट नावाची चकती असते, बहुतेक पितळेची, पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातूनच विजेचा सिग्नल तयार होतो, आणि दोघांच्या मधली फट ढोबळमानाने 40-50 मायक्रॉनची. पडदा आत दबला की तिथली हवा कुठेतरी जायला पाहिजे, आणि एवढ्या चिंचोळ्या जागेतून सरकताना ती अडते, घासते, पडद्याला आवरून धरते, म्हणून बॅकप्लेटला भोकं पाडतात, काही आरपार, काही अर्ध्यावरच थांबलेली. ही भोकं किती, केवढी, कुठे, यावर पडदा कसा हलणार ते ठरतं. पखवाजाची पुडी पण ताणलेलीच असते, पण मृदंगमणीला, म्हणजे पखवाज वाजवणाऱ्याला, ती घुमायला हवी असते, इथे पडदा स्वतः घुमायला लागला की रेकॉर्डिंग गेलं. 1917 साली ई. सी. वेंट या अमेरिकन संशोधकाने कंडेन्सर माइकवरचा पेपर छापला तेव्हा त्याचा पडदा पोलादी होता, चांगला करकचून ताणलेला, पण आवरायचं काम तिथेही मागच्या हवेच्या थराकडेच होतं.

आता ताणाचं. ओम्नी माइकमध्ये, म्हणजे सगळीकडून सारखं ऐकणाऱ्या माइकमध्ये, मागची बाजू जवळजवळ बंद असते, तिथे पडदा खूप ताणतात म्हणजे त्याचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप घुमतो तो सूर, वर, ऐकू येणाऱ्या सुरांच्या पट्ट्याच्या टोकाला जातो. कार्डिओइडमध्ये, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या माइकमध्ये, आवाज पुढून पण येतो आणि मागून थोडा उशिराने पण येतो, पडदा हलतो तो या दोन दाबांच्या फरकावर, आणि खर्जात हा फरक अगदीच थोडा उरतो. म्हणून तिथे पडदा सैल ठेवून रेझोनन्स मधल्या पट्ट्यात आणतात आणि मग हवेच्या घर्षणाने त्याला दाबून टाकतात. याचमुळे कार्डिओइडवर "प" आणि "फ" फटाफट फुटतात. बुवा माइकला चिकटले की खर्ज फुगतो तेही त्या दाबाच्या फरकामुळेच. आणि पडदा वाटेल तेवढा सैल पण ठेवता येत नाही, कारण पडदा आणि बॅकप्लेट यांच्यातला व्होल्टेज त्याला सतत आत खेचत असतो, ताण कमी पडला तर बॅकप्लेटला जाऊन चिकटतो.

आणि आता झांज, माझं खरं दुखणं. नॉयमन या जर्मन कंपनीची के67 कॅप्सूल 1960 च्या यू67 माइकमध्ये आली, तिचे ट्रेबल, म्हणजे वरचे तीव्र सूर, मुळातच वर उचललेले आहेत, पण यू67 च्या सर्किटमध्ये ते परत खाली आणायची सोय केलेली आहे, कॅप्सूल आणि सर्किट जोडीने बनवलेलं. आजच्या बऱ्याच स्वस्त माइकमध्ये त्याच धर्तीची कॅप्सूल असते आणि सर्किट मात्र साधं सपाट, म्हणजे उचललेले ट्रेबल जसेच्या तसे बाहेर. एकट्याच्या बोलण्यावर लोकांना ते "क्लियर" वाटतं, पण गजर चढला आणि चारपाच झांजा एकदम वाजायला लागल्या की कानात सुया. लोक मग झांजवाल्याला लांब बसवतात! अरे माइक बदला, नाहीतर एडिटिंगमध्ये वरचे ट्रेबल थोडे उतरवा, त्याला कशाला उठवताय.

राहिला आपला खारा वारा. कॅप्सूलची कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची ताकद, अगदीच कमी, साधारण 50 ते 100 पिकोफॅरड, म्हणून पुढे गिगाओहमचा, म्हणजे अब्जावधी ओहमचा, रेझिस्टर लागतो आणि सगळं इन्सुलेशन त्याच तोडीचं लागतं. त्यावर मीठ बसलं आणि मिठाने ओल धरली की चार्ज गळतो आणि माइक चुरचुर, फटफट करायला लागतो, पावसाळ्यात तर हमखास. सेनहायझरच्या एमकेएच माइकमध्ये कॅप्सूल रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चालवतात, तिथे एवढं उंच इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) लागतच नाही म्हणून ते दमट हवेत टिकतात, पण त्यांची किंमत बघून आपण गप्प बसायचं.

आपल्यासाठी साधा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. एसी गाडीतून उतरलात की डबा लगेच उघडू नका, गार धातूवर दमट हवा लागली की दव धरतं, आधी डबा बाहेरच्या हवेला येऊ द्या. आणि कोणीतरी सांगतं म्हणून माइक तांदळात पुरून ठेवू नका, त्याचं पीठ जाळीतून आत गेलं की ते पडद्यावरून काढणार कोण.