दंड लगेच भरला, कागदाला पावसाळा गेला

रूळ ओलांडले म्हणून भाच्याला ५०० रुपये दंड झाला. दंड भरणं सोपं होतं. तो दंड झाल्याचा कोर्टाचा कागद मिळवणं मात्र असं काही निघालं की माझं डोकं अजून पुरतं जागेवर आलेलं नाही. कुणाच्या मुलावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. गावाचं, चौकीचं आणि कोर्टाचं नाव मुद्दाम घालत नाही. आहे खान्देशातलंच.

आमच्याकडे रेल्वे आणि हमरस्ता शेजारून जातात. एसटीचा थांबा रस्त्याच्या कडेला, स्टेशनची इमारत रुळांच्या पलीकडे. मधल्या भिंतीला भगदाड पडलंय, त्यातून वर्षानुवर्षांच्या पायांनी वाट केली आहे. रीतसर जायचं तर पादचारी पुलाचा जिना चढायचा, उतरायचा आणि मग मागे चालत यायचं. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. बस थांबली की निम्मे प्रवासी त्या भगदाडाकडे वळायचे, हे मी नोकरीभर पाहिलंय. डोक्यावर गाठोडं, काखेत पोर, आणि नजर समोरच्या फलाटावर. डावी-उजवी बघणारा क्वचितच.

भाचा पोलीस भरतीची तयारी करतो, सोबत रेल्वेच्याही परीक्षा देतो. त्या दिवशी रूळ ओलांडणाऱ्यांना धरायची मोहीम चालू होती आणि भगदाडाच्या पलीकडे आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान उभेच होते. त्याचा फोन आला, "मामा, माले आरपीएफनी धरी लिधं." मी विचारलं, "कोठे शे तू?" म्हणाला, चौकीत.

चौकीतलं काम पटकन झालं. कलम सांगितलं, जबाब लिहिला, मी जामीनदार म्हणून सही केली, जातमुचलका झाला, म्हणजे कोर्टात हजर राहीन असं भाच्यानं लिहून दिलं, तारीख दिली. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे घाबरून कुणाला पैसे चारायची गरज नसते. दंड किती ते न्यायालय ठरवतं आणि पैसेही तिथंच भरायचे. चौकीत कुणी "इथंच मिटवू" म्हणालं तर पावती मागा, विषय आपोआप थांबतो. आम्हाला कुणी असं म्हटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

कलम आहे रेल्वे अधिनियम १९८९ चं १४७. परवानगी नसताना रेल्वेच्या हद्दीत शिरणं, किंवा रीतसर आत जाऊन निघायला सांगितल्यावर न निघणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकांना वाटतं हे फक्त रुळांपुरतं आहे. हद्द म्हणजे कुंपणाच्या आतली सगळी जागा, त्यात फलाटही आला. पाहुण्याला सोडायला जाताना दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं ते यासाठीच.

घरी बहिणीचं एकच पालुपद, इतलासाठे (एवढ्यासाठी) कोर्ट? मला कायदा चुकीचा वाटत नाही. आमच्या मार्गावर गाड्या ताशी ११० च्या वेगानं जातात, म्हणजे सेकंदाला तीस मीटर. ब्रेक मारल्यावर गाडी उभी राहायला जवळपास एक किलोमीटर घेते. इंजिनं विजेची झाल्यापासून लांबून धडधड येत नाही. आणि जिथं रूळ वाढलेत तिथं एक मालगाडी गेली की माणूस पाऊल टाकतो आणि तिच्या आडून दुसऱ्या रुळावरची गाडी येते. २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आगीच्या अफवेनं पुष्पक एक्स्प्रेसमधून माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. ती माणसं काही घुसखोर नव्हती, जीव वाचवायला उतरली होती. पण शेजारच्या रुळावर गाडी किती वेळात येते, ते त्या दिवशी जिल्ह्यानं पाहिलं. शिवाय रूळ ओलांडताना गाडीनं उडवलं तर गाडीतून पडलेल्या प्रवाशासारखी भरपाईही घरच्यांना मिळत नाही. म्हणून भाच्याला मी बोललो ते बोललोच. माझा राग कायद्यावर नाही, त्यानंतरच्या कागदावर आहे.

तारखेला कोर्टात गेलो. पुकारा झाला, साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, हा म्हणाला कबूल, ५०० रुपये, पुढचा. बाहेर येऊन पैसे भरले, पावती घेतली. बाकीचे सगळे पावती खिशात घालून गाडी पकडायला पळाले. आम्हाला पळता येत नव्हतं, कारण नोकरीच्या साक्षांकन अर्जात रकाना असतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, न्यायालयानं दंड केला आहे का. भाच्याचे मित्र म्हणत होते, "हे काय लिहायचं असतं का, रूळ ओलांडला म्हणून?" लिहायचंच असतं. माहिती दडवली हे पुढं गुन्ह्यापेक्षा जड जातं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याच विषयावर निकाल दिलाय. क्षुल्लक प्रकरण असेल तर नेमणूक करणारा ते बाजूला ठेवू शकतो, पण माहिती खरी द्यावी लागते आणि खरी दिली तरी पूर्वेतिहास तपासायचा त्याचा अधिकार राहतो. तर लिहायचं, आणि सोबत निकालाची प्रमाणित प्रत जोडायची. पावतीवर भागत नाही. पावती पैसे भरल्याची असते, कशाबद्दल आणि प्रकरण संपलं की नाही, ते तिच्यावर कळत नाही.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

नक्कल विभागाच्या, म्हणजे कोर्टात प्रमाणित प्रती देतात त्या खिडकीवर अर्ज मागितला. मिळाला. त्यात पहिलाच रकाना प्रकरण क्रमांकाचा. पावतीवर पावतीचा क्रमांक होता, प्रकरणाचा नव्हता. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, "काका, नंबर आणा, नक्कल देतो." नंबर कुठून आणू? "चौकीतून." चौकीत गेलो तर ज्यांनी केस केली ते बंदोबस्ताला. दुसऱ्यांनी रजिस्टर काढलं, त्यात चौकीचा गुन्हा क्रमांक होता. तो घेऊन परत खिडकीवर. "हा आमचा नंबर नाही, हा त्यांचा." मग तुमचा कोणता? "तो तुम्ही आणायचा."

नाव आणि तारखेवरून शोधा म्हटलं. त्या दिवशीची यादी मोठी होती आणि खान्देशात यादीत पाटील शोधायचे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. भाऊसाहेबांनी विचारलं, "कोणते पाटील?" मी भाच्याचं आधारवरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासह. त्या नावाचा पाटील यादीत नव्हता. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकून पाहिलं, तिथंही नाही. एक शिपाई तर म्हणाला, "काका, नाव नाही म्हणजे केसच नाही, खूश राहा की." हातात दंडाची पावती असताना केसच नाही, असं हसत सांगणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी तासभर उघडी. सुट्टीनंतर कधी उघडी, कधी साहेबांनी बोलावलेलं. मग मी पाटी वाचत बसायचो. एसटीत असताना चौकशी खिडकीवर भांडणारे प्रवासी मला आडमुठे वाटायचे. आता त्यांच्या बाजूनं बोलतो. बायकोनं डबा द्यायला सुरुवात केली, तेव्हा समजलो की घरच्यांनीही हे लांबणार हे धरून चाललंय. भाचा मैदानावर धावायला जायचा आणि मामा कोर्टात बसायचा.

शेवटी कोडं सुटलं ते बाकावर शेजारी बसलेल्या एका जुन्या वकिलांमुळे. ते म्हणाले, "पोराला विचारा, धरलं तेव्हा त्यानं नाव काय सांगितलं." विचारलं. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. भगदाडापासून मित्र ओरडत होते, "बंटी, पळ!" जवानानं यादीत लिहिलं, बंटी पाटील. आधारचा फोटो नंतर फोनवर आला, तोपर्यंत पहिला कागद झाला होता. जातमुचलक्यावर खरं नाव, कोर्टाच्या यादीत बंटी. पुकाराही बंटीचाच झाला होता आणि हा हात वर करून आत गेला होता, कारण घरी त्याला तेच म्हणतात.

बंटी पाटील म्हटल्यावर भाऊसाहेबांना दोन मिनिटांत क्रमांक सापडला. आता प्रत मिळाली असती, पण बंटीच्या नावाची. ती अर्जाला जोडून उपयोग काय? दुरुस्ती हवी, तर साहेबांपुढे अर्ज, त्यासोबत दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातमुचलक्याची प्रत. बाहेरचा टायपिस्ट म्हणाला, ५०० चा स्टॅम्प पेपर लागेल. लागत नाही. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात माफ आहे, साध्या कागदावर चालतं. त्याच्याशी मी इतका वेळ वाद घातला की रांगेतल्या दोघांनी आपले स्टॅम्प पेपर परत खिशात घातले. त्या दिवसात मनापासून बरं वाटलं असा तेवढाच एक प्रसंग.

मग चौकीचा अहवाल मागवला गेला. तो येईना. आला तेव्हा त्यात गावाचं नाव चुकलेलं. परत पाठवला. मधे सुट्ट्या, मग साहेब दुसरीकडे कॅम्पला. मी प्रत्येक वेळी विचारायचो आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, "प्रोसेसमध्ये आहे." पेरणीच्या आधी सुरू झालेलं प्रकरण कापूस फुटायला लागला तेव्हा निकाली निघालं.

त्या जुन्या वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती दंड भरण्याआधी कळायला हवी अशी आहे, म्हणून इथं मधेच लिहितो. रांगेत सगळे सांगतात, कबूल करा आणि मोकळे व्हा. कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं, नोंद राहते. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ३ खाली, पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याची कायद्यातली कैद जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंतची असेल, तर न्यायाधीश दंड न करता समज देऊन सोडू शकतात. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अशा माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. द्यायचं की नाही हे न्यायाधीशांच्या हाती, पण मागावं तर लागतं. "कबूल आहे" म्हणतानाच हात जोडून, विद्यार्थी आहे, पहिली वेळ आहे, समज देऊन सोडावं, एवढं बोलायचं. लेखी अर्ज असेल तर उत्तम. नोकरीच्या मागं असलेल्या पोरानं ५०० रुपयांकडे बघू नये, या अर्जाकडे बघावं. कोर्टाच्या आवारात इतकी माणसं सल्ले देत फिरतात, त्यातल्या एकानंही हे सांगितलं नव्हतं.

अजून एक राहिलं. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट द्यावी लागते. नुसता दंड झालेल्यानं अर्ज करून, कोर्ट फीची तिकिटं लावून, थांबायचं. मी हे त्या भाऊसाहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, "काका, मग सहा महिने मागायचे होते." हसू आलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

आणि चौकीत सही करण्याआधी नाव वाचा. सगळ्या कागदांवरचं, नुसत्या आपल्या सहीच्या वरचं नाही. आधारचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि तो दाखवून तिथल्या तिथं नाव, वडिलांचं नाव, गाव बरोबर लिहून घ्या. पैसे भरले की खिडकी सोडायच्या आत प्रकरण क्रमांक विचारून पावतीच्या मागं लिहून ठेवा. त्या वेळी समोर रजिस्टर उघडं असतं, दुसऱ्या दिवशी ते कपाटात जातं. नक्कल अर्ज त्याच दिवशी टाका आणि दोन प्रती मागा. भरतीवाले एक ठेवून घेतात.

प्रत हातात आल्यावर मी ती तिथंच उभ्यानं तीनदा वाचली. नाव बरोबर, गाव बरोबर, कलम बरोबर, शिक्का स्पष्ट. बाहेर येऊन लॅमिनेशनवाल्यापाशी गेलो होतो, वकील मागून ओरडले, "अहो, प्रमाणित प्रत लॅमिनेट करू नका, घेणार नाहीत." तर तेही लक्षात ठेवा.

अर्जातला रकाना भाच्यानं माझ्यासमोर भरला. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७, गुन्हा कबूल, दंड ५०० रुपये, दंड भरला, प्रकरण निकाली, निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. टोपणनावाच्या रकान्यात त्यानं बंटी लिहिलं आणि पुढं दुरुस्तीच्या आदेशाची तारीख टाकली.