काळाचा कडेचा रकाना

भूवैज्ञानिक काळाच्या रंगीत तक्त्यात माझा जीव अडकतो तो कडेच्या रकान्यात. मधला रकाना मानाचा. कॅम्ब्रियन, डेव्होनियन, जुरासिक ही जगमान्य नावं तिथे ऐसपैस बसलेली असतात. शेजारी बारीक अक्षरांत स्थानिक नावांची दाटी. न्यूझीलंडचा तक्ता घ्या: वायटाकियन, टोंगापोरुटुअन, नुकुमारुअन. आपली जीभ अडखळते, पण तिथल्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी हीच नावं.

खडकाच्या थराचं वय पूर्वापार त्यातल्या जीवाश्मांवरून ठरवतात. अमुक शिंपला सापडला म्हणजे अमुक काळ. न्यूझीलंड पडलं चहूबाजूंनी समुद्रात एकाकी. तिथल्या शिंपल्यांच्या अनेक जाती आपापल्या वाटेने घडत गेल्या. युरोपातली यादी घेऊन तिथल्या कड्यासमोर उभं राहिलं, तर फारसं काही जुळत नाही. म्हणून भूवैज्ञानिक जे. ॲलन थॉमसन यांनी १९१६ मध्ये तिथल्या थरांसाठी तिथलीच नावं सुचवली. जिथे थर नीट दिसतो, त्या ठिकाणाचं नाव त्या काळाला. जुनी माणसं ‘पुराचं साल’, ‘दुष्काळाचं साल’ म्हणतात, तसंच हे. तारीख विचारू नये, क्रम मात्र चुकायचा नाही.

मानाची नावं तरी कुठे आभाळातून पडली? डेव्हन ही इंग्लंडमधली काउंटी, जुरा हा फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा डोंगर, पर्म हे रशियातलं शहर. ब्रिटिश भूवैज्ञानिक मर्चिसन तिकडे फिरून आले आणि १८४१ मध्ये त्यांनी पर्मियन हे नाव दिलं. ज्यांच्या थरांचा अभ्यास आधी झाला, त्यांचं गाव जगाचं झालं. याच मर्चिसनांचं सेजविक या जुन्या मित्राशी वाजलं, ते कॅम्ब्रियन कुठे संपतो नि सिल्युरियन कुठे सुरू होतो यावरून. १८७९ मध्ये लॅपवर्थ यांनी भांडणातला मधला भागच वेगळा काढला आणि त्याला ऑर्डोव्हिशियन म्हटलं. तोवर दोन्ही भांडणारे वारले होते.

उत्तर अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांवरून काळ मोजतात. त्यातला शेवटचा रँचोलाब्रियन, लॉस एंजेलिसमधल्या डांबराच्या खड्ड्यांचं नाव लावणारा. आशियातून बायसन आला की हा काळ सुरू. पण कळप काही एका रात्रीत खंडभर पसरत नाही. अलास्कात आधी पोचणार, खाली मागाहून. मग व्याख्येत अट आली: ५५ अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेला बायसन पहिल्यांदा दिसला पाहिजे. काळाच्या व्याख्येत अक्षांश! मला ही अट भारी आवडते. एवढं करूनही तो तिथे नेमका कधी पोचला, यावर वाद आहेतच.

मधल्या रकान्याला अशी ढिलाई चालत नाही. तिथे सीमा म्हणजे एका ठरलेल्या कड्यातला एक ठरलेला बिंदू, ज्याला ‘सोनेरी खिळा’ म्हणतात. पहिला मान १९७२ मध्ये आजच्या चेकियातल्या क्लोंकला मिळाला. मोनोग्रॅप्टस युनिफॉर्मिस हा ग्रॅप्टोलाइट, म्हणजे समुद्रात वसाहतीने राहणारा, आता नामशेष झालेला एक जीव, तिथे जिथे पहिल्यांदा दिसतो, तिथून डेव्होनियन सुरू. म्हणजे डेव्होनियनचा आरंभ डेव्हनमध्ये नाहीच.

कडेच्या नावांना कधी बढतीही मिळते. मिसिसिपियन आणि पेनसिल्व्हेनियन ही अमेरिकेतली नावं आता मधल्या रकान्यातल्या कार्बोनिफेरस काळाचे अधिकृत उपविभाग आहेत. २०१८ मध्ये मेघालयन आला तो मात्र थेट मधल्या रकान्यात, मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या निक्षेपामुळे. त्याची सुरुवात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची.

आता किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय थेट वर्षांत काढता येतं, मग ही स्थानिक नावं हवीत कशाला, असं विचारणारे आहेत. तसं वय काढायला बहुधा ज्वालामुखीच्या राखेचा थर लागतो, आणि तो हव्या त्या ठिकाणी सापडेलच असं नाही. शिंपले मात्र पुष्कळ थरांत असतात. ओळखणारा हातातला शिंपला उलटसुलट करतो आणि तिथल्या तिथे सांगतो, “नुकुमारुअन.”