तुम्ही विचारलंत म्हणून: त्या खरंच लढल्या का?

झाशीची राणी रेजिमेंटवर, म्हणजे सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेतल्या बायकांच्या पलटणीवर, मी कुठेही बोलले की शेवटी कुणीतरी हात वर करतंच. "पण मॅडम, त्या प्रत्यक्ष लढल्या का?" परवा मी तुटक उत्तर दिलं. आज नीट देते.

नाही. इंफाळच्या आघाडीवर त्यांना उतरवलंच नाही. १९४४ मध्ये त्या बर्मात मेम्योला पोचल्या, पण पुढे जायच्या आतच माघार सुरू झाली. मग जखमींची शुश्रूषा केली. एवढं ऐकलं की विचारणारा "म्हणजे नर्सच की" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. रायफल, संगीन, मशीनगन, सगळं शिकल्या होत्या हो त्या! परतताना आगगाडीवर हल्ला होऊन दोघी मेल्या, त्या कोण होत्या मग? आपल्याला घोड्यावरची, पाठीशी मूल बांधलेली लक्ष्मीबाईच हवी असते. तिचं नाव लावणाऱ्या मलायातल्या तमिळ मुलींनाही आपण त्याच मापाने मोजतो.

पण हा प्रश्न मीही विचारलाय. २००६ साली, मलेशियात इपोहजवळ, त्या रेजिमेंटमधल्या एका आजींना.

रबराच्या मळ्यात वाढलेल्या. भारत कधी पाहिला नव्हता. नात दुभाषी होती. दीड तास बोलल्या. १९४५ च्या एप्रिलमध्ये रंगून सोडलं. दिवसा विमानांच्या भीतीने झाडीत पडून राहायचं, रात्री चालायचं. पावलं इतकी सुजलेली, की काढलेले बूट परत चढणार नाहीत म्हणून बुटांसकट झोपायचं. चीक काढायला अंधारात उठायची लहानपणापासूनची सवय, ती तिथे उपयोगी पडली म्हणाल्या. आणि मी मध्येच विचारलं, "पण आजी, तुम्ही गोळी कधी झाडलीत?"

नातीने ते तमिळमध्ये सांगताना आवाज खाली घेतला. आजी गप्प झाल्या. उजवा खांदा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरावात. पुढे पाठवा म्हणून आम्ही रोज मागे लागायचो. नाही पाठवलं." आणि नातीला पंखा कमी करायला सांगितलं. पुन्हा दोनदा गेले. गुडघे, पतवंडं, पावसाळा, सगळ्यावर बोलल्या. त्या वाटेवर परत आल्या नाहीत.

पूर्वी मी भाषणात ठासून सांगायचे, लढल्या की नाही हा मुद्दाच नाही, घर सोडून वर्दी चढवली हेच मोठं. टाळ्या पडायच्या. पण आजींसाठी मुद्दा तोच होता की! त्यांना लढायचं होतं. "नाही लढल्या तर काय बिघडलं" म्हणताना त्यांची राहून गेलेली लढाई मीच किरकोळ ठरवते का? आणि नुसतं "नाही" म्हटलं, तर विचारणारा समाधानाने खाली बसतो. तेही सहन होत नाही.

पुढच्या वेळीही "नाही"च म्हणेन. त्यापुढे काय बोलायचं, ते अजून जमलेलं नाही.